बागेत ऊन लागत नाही

नवीनभाऊ घरी आला की आमच्या घरातलं दूध दिसेनासं व्हायचं. म्हैस तीच, तिला चारा घालणारी मी तीच, शेण काढणारे हात माझेच. पण चरवी भरली की माझे सासरे, आबा, ओट्यावरून खाकरायचे, आणि त्या खाकरण्याचा अर्थ मला लग्नानंतर लगेचच कळला होता. आधी पहिलवानाचा पेला, मग उरलं तर चहा, आणि त्यातूनही उरलं तर माझी धनू. उरायचं कुठलं! मी पाण्यात साखर ढवळून त्यावर दुधाची धार सोडायचे आणि ती बिचारी पोर ते दूध म्हणून गटागट प्यायची.

नवीन माझा दीर. धुळ्याच्या आखाड्यात राहतो, कुस्ती खेळतो. आमचं गाव शिरपूरकडचं, तापीच्या काठावरचं. गावाबाहेर पडलं की दोन्ही अंगांना केळीच्या बागा. माझा नवरा गिरधर केळी कापणाऱ्या टोळीत आहे. दुसरा माणूस घड कापतो, गिरधर तो खांद्यावर झेलतो आणि बागेतून बाहेर रस्त्यापर्यंत वाहून आणतो. घडाचा चीक लागून लागून त्याचा डावा खांदा काळा पडलाय. साबणानं घासा, राखेनं घासा, तो डाग जात नाही.

त्याच खांद्यावर गावानं एके काळी गुलाल टाकला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आबाच सांगायचे, तेही गिरधरसमोर. घरात पहिलवान आधी गिरधर होता. नवीन तेव्हा शाळेत होता, त्याच्या लंगोटाची गाठसुद्धा गिरधरनंच बांधायला शिकवली. मग सासू वारली, शेतीत काही उरलं नाही, आणि आबा एका सकाळी म्हणाले, "एक घर एकच पहिलवान पोशी शकस. तू मोठा शे, तू कामले लाग." त्या दिवसापासून पेला नवीनकडे गेला आणि घड गिरधरकडे आले.  नवीन दूध प्यायला बसला की गिरधर उठून गोठ्यात जायचा आणि घट्ट बांधलेलं दावं सोडून पुन्हा बांधायचा.

मी मात्र जळायचे, आणि कुणाला दिसेल याची फिकीर न करता जळायचे. दुधावरून जळायचे, तुपावरून जळायचे, भिजवलेल्या बदामांची सालं काढताना तर बोटांची आग व्हायची. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त जळायचे मालिशीवरून. नवीन आला की संध्याकाळी गिरधर त्याला खाटेवर पालथा घालून तेल चोळायला बसायचा. पाठ, मांड्या, पोटऱ्या, टाचा. दिवसभर घड वाहून आलेला माणूस, घाम गाळत तासभर त्याचं अंग रगडायचा. माझ्याकडे येईपर्यंत त्या हातांत काही उरायचं नाही. कूस बदलून झोपायचा. मी छताकडे बघत पडून राहायचे आणि त्या तेलाचा वास मला नकोसा व्हायचा.

या वर्षी मे महिन्यात नवीन आला तो ओळखू येईना. दंड असे फुगलेले की सदऱ्याची बाही वर सरकेना. गालफडं भरलेली, मान आखूड झालेली. आबा ओट्यावरून उठून उभे राहिले. त्यांचे पाय सुजतात, कारण नसताना ते उठत नाहीत.

"दखं का गिरधर! याले म्हनतस पहिलवान," आबा म्हणाले.

"दखं," गिरधर म्हणाला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला.

संध्याकाळी मालिशीच्या वेळी नवीननं पिशवीतून एक छोटी बाटली आणि सुई काढली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, दार उघडंच होतं.

"भाऊ, कमरखाले टोच. माले मांगे हात पुरत नही."

"हाई काय शे?"

"ताकदनं इंजेक्शन. धुयाना जिमवालानी दिधं. आखाडाना बठ्ठा पोऱ्या लेतस."

गिरधरनं बाटली दिव्याकडे धरून बघितली. मग स्वतःचा दंड बघितला. मी बघितलं त्याला बघताना. वर्षानुवर्षं घड वाहून त्याचा दंड वळलेल्या सुंभासारखा झालाय, कडक पण बारीक.

"दूध पीसन मना दंड असा कव्हयच नही व्हयना," तो म्हणाला.

"नुसतं दूध पीसन काय व्हस भाऊ? तो जमाना गया तुना."

"आन तपासनी व्हई तं?"

"तठे कोन तपासस? टोच ना आते!"

गिरधरनं सुई टोचली. जरा जोरातच टोचली असावी, नवीन "आई गं" म्हणून वळवळला. गिरधर म्हणाला, "घडले टॉनिक मारीसन केय फुगाडतस. पन दांडामां जोर नही व्हयना तं वाराले झाडच मोडी पडस." नवीन हसला. त्याला वाटलं, केळीचंच बोलणं चाललंय.

पुढच्या शुक्रवारी धुळ्यात निवड होती. त्यातून निवडले गेलेले राज्याच्या कुस्त्यांना जाणार, आणि तिथं नाव झालं की पोलिसात खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागते म्हणे. नवीनचं नाव पासष्ट किलोच्या गटात घातलं होतं. त्याच्या वरच्या गटात एक दोंडाईचाकडचा गडी आहे, त्यानं नवीनला दोनदा उताणं पाडलेलं. तिकडे जाऊन उपयोग नव्हता. शुक्रवारी सकाळी वजन, मग कुस्त्या.

वजन करायला आमच्या गावात एकच भरवशाचा काटा, केळी मोजायचा. टोळीचा मुकादम मगन बागेच्या तोंडाशी तो मांडून बसतो. नवीन वजन बघायला गेला तेव्हा मी गिरधरचं जेवण घेऊन तिथंच होते. नवीन अंगातला सदरा काढून काट्यावर चढला आणि त्याचं तोंड उतरलं. पासष्टला तीन किलो वर.

"आज माल भारी शे रे!" मगन म्हणाला. केळीचा व्यापारी घडाच्या दांड्याचं वजन कापून घेतो, त्यावरून तो म्हणाला, "दांडा वजा कर, बसई जाशी पासष्टमां."

सगळी टोळी खो खो हसली. गिरधरच्या खांद्यावर घड होता. तोही हसला, आणि घड खाली ठेवल्यावरसुद्धा हसतच राहिला. नवरा इतका वेळ हसलेला मी लग्नाच्या वरातीतही बघितला नव्हता.

ती सगळी सूज त्या बाटलीची होती, पण ते तेव्हा कुणाला कळत होतं! नवीन घरी आल्यावर गिरधरच्या मागे मागे फिरायला लागला. "भाऊ, तू उतार मनं वजन. तुले येस. तू येक डाव उतारं व्हतं." आबाही म्हणाले, "गिरधर, आते हाई तुनाच हातमां शे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काहीतरी गिरधरच्या हातात आलं होतं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "मी सांगसू तसं करनं पडी."

दुसऱ्या दिवसापासून नवीनची भाकरी बंद, मीठ बंद, पाणी घोटाघोटानं. दिवसभर लिंबू चाटायचा आणि डब्यात थुंकायचा. उन्हानं माठातलं पाणीही तापत होतं, पत्रे तडतडत होते, कुत्री मोरीत जाऊन बसत होती, आणि हा गडी ओट्यावर बसून डब्यात थुंकतोय. डबा कोण धुणार? मीच.

पण दूध! ते दिवस माझ्या घरात दिवाळी होती. पहिलवान पीत नाही, आबांना तेवढं पचत नाही, चरवी भरलेली तशीच. मी धनूला पेला भरून दिला, वर साय घातली. पोर दोन्ही हातांनी पेला धरून प्याली आणि वरच्या ओठाला पांढरी मिशी घेऊन काकाकडे बघून हसली. नवीनचा गळा वरखाली झाला.

"वहिनी, तिले घरमां बसाडीसन पाज ना."

"घरमां वाफ व्हस भाऊ. लेकरू शे, उंबरठावर बसू द्या तिले," मी म्हणाले, आणि पुढचा पेला तिला बरोबर त्याच्यासमोर बसवून पाजला. मला बरं वाटलं. का वाटू नये?

गुरुवारी सकाळी पुन्हा काटा. दीड किलो अजून वरच. नवीनचे डोळे आत गेलेले, ओठांना भेगा, आणि अंग मात्र तसंच फुगलेलं. उद्या सकाळी वजन. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आबानी लघवीनी गोयी दे."

आबांच्या पायांची सूज उतरायला शिरपूरच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्यात. एक घेतली की आबा दिवसभर लघवीला फेऱ्या मारतात. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात असतं. मी काढून दिलं. त्यानं एकदम दोन घेतल्या. त्या घरात जो जे मागेल ते काढून देणं हेच माझं काम आहे, आणि ते मी केलं.

"आते दुपारले बागमां पय," गिरधर त्याला म्हणाला. "रस्तावर ऊन लागी मरशी. बागमां ऊन लागत नही."

यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्याकडे मे महिन्यात जेवणं झाली की सगळं गाव केळीच्या बागेत शिरतं. बाळंतीण आपलं पोर तिथं झोळीत झोपवते, गडी गोणपाट टाकून घोरतात, म्हशीसुद्धा तिथंच बांधतो. वर पानांचं छप्पर, खाली ओली माती. बाहेर डांबर वितळत असलं तरी बागेत मातीला पाय टेकला की जिवाला बरं वाटतं. पडून राहणाऱ्याला बरं वाटतं, धावणाऱ्याचं काय होतं ते आमच्यात कुणी कधी बघितलं नव्हतं. बागेत धावायला जातं कोण?

घड वाढायला लागला की त्यावर निळी प्लॅस्टिकची लांब पिशवी चढवतात, डाग पडू नयेत म्हणून. गिरधरनं तसल्या पिशव्यांची तळं कापली, दोन नवीनच्या अंगात एकावर एक चढवल्या, हातांना आणखी दोन, पायांत दोन चढवून मांड्यांना सुतळीनं बांधल्या. वरून पावसाळ्याचा रेनकोट. धनूनं टाळ्या पिटल्या, "काका केय व्हयना!" नवीनही हसला. त्याच्या तोंडावर मी बघितलेलं ते शेवटचं धड हसू.

दुपारी मी भाकरी घेऊन निघाले. उन्हानं डोळे उघडत नव्हते. डोक्यावरचा पदर तापला होता, चपलेतून चटका येत होता, आणि वाटेत एक चिटपाखरू नव्हतं. बागेत शिरले आणि क्षणभर गार वाटलं. मग श्वास घेतला तर नाकात हवेऐवजी वाफ गेली. दोन झाडांच्या ओळींमधून ठिबकच्या नळ्या पाझरत होत्या, पानं हलत नव्हती. दहा पावलांत माझी चोळी पाठीला चिकटली. मी थांबून घाम पुसला, तर पुसलेल्या जागी तो पुन्हा आला.

गिरधर बांधावर बसला होता. पाण्याचा कॅन दोन पायांच्या मध्ये धरलेला. ओळीच्या त्या टोकाकडून नवीन येत होता, पाय ओढत. रेनकोट सळसळत होता आणि घोट्यापाशी पिशवीच्या तोंडातून घामाची धार लागली होती.

"भाऊ, येक घोट," तो जवळ येऊन म्हणाला.

"तुले वजन पाहिजे का पानी?"

"नुसता ओठ वले करस."

"चक्कर मार. मंग दखू."

नवीन वळला आणि गेला. गिरधरनं कॅनचं झाकण उघडलं, स्वतः घटाघटा प्यायला आणि झाकण लावलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. पोटभर जेवून सुपारी तोंडात टाकल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तसं ते झालं होतं. मला सगळं कळलं. कळलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं, तर, "भाकर गार व्हई ऱ्हायनी."

"ठेव तठे."

पुढच्या फेरीला नवीन आला तेव्हा घोट्यापाशी धार नव्हती. तोंड कोरडं ठक्क, लालभडक. ओळ सोडून तो तिरपाच चालत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई कोठे गयी? तिले सांग, माले शाळाले जानं नही." सासूला जाऊन कितीतरी वर्षं झालीत. मग तो एका झाडावर गेला, आणि केळीचं झाड ते, त्याच्यासकट कडकन मोडून आडवं झालं.

गिरधर बसलेला होता. बसलेलाच राहिला. कॅन दोन पायांच्या मध्ये तसाच. मी ओरडले, "अवो, पडना तो! दखतस काय?" तरी तो बघत होता. मग मी त्याच्या काळ्या खांद्यावर दोन्ही हातांनी धपाटा घातला, तेव्हा तो उठला.

रेनकोट उपसून काढला. पिशव्या अंगाला इतक्या चिकटल्या होत्या की निघेनात, गिरधरनं कमरेचा विळा काढून त्या टराटरा फाडल्या. आत हात घातला आणि मी मागे घेतला. चुलीवरच्या तव्याला हात लागल्यागत झालं. कॅनमधलं पाणी ओतलं, तर ते पाणीही गरमच. नवीनचे डोळे पांढरे झाले आणि हातपाय झटके द्यायला लागले. मी मोठ्यानं रडायला लागले. दिराच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडली, आणि आता त्याच्या छातीवर पडून "भाऊ, नवीनभाऊ" म्हणून हंबरडा फोडत होते.

गिरधरनं काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. तो वाकला, रोज घड उचलतो तसं भावाला डाव्या खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. मी मागे. शेजारच्या बागेत मगनची टोळी माल धूत होती. बाहेरगावी जाणाऱ्या केळ्यांचा चीक जावा म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात टाकतात, त्याची मोठी टाकी झाडाखाली मांडलेली असते, नुकतंच विहिरीचं पाणी भरलेलं. गिरधरनं भावाला त्या टाकीत, केळ्याच्या फण्यांमध्ये गळ्यापर्यंत बुडवलं.

"आरे, मानूस शे का घड!" मगन किंचाळला. मग त्यानं नवीनचं तोंड बघितलं आणि बायकांना हाका मारल्या. बायकांनी फण्या बाजूला सारल्या. कुणी डोकं धरलं, कुणी पानानं वारा घातला, कुणी विहिरीवरून बादल्या आणल्या. गिरधर टाकीच्या काठावर ओणवा होऊन भावाच्या छातीवर, मानेवर, काखेत पाणी चोळत होता, त्याच हातांनी, आणि सारखं एकच म्हणत होता, "आते पी. पी रे भो, कितलं बी पी."

बऱ्याच वेळानं नवीन ओकला आणि त्यानं डोळे उघडले. केळीच्याच पिकअपमध्ये ओले गोणपाट टाकून त्याला धुळ्याला नेला. शुक्रवार सकाळचं वजन त्याच धुळ्यात झालं, आणि नवीन दवाखान्यात निपचित होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडक्या होत्या. त्यांनी आम्हाला नळीतली लघवी दाखवली. काळ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी तीही बंद झाली.

"कुठे पळवलात याला? उन्हात?"

"नही मॅडम, बागमां. केळीनी बागमां गार ऱ्हास," गिरधर म्हणाला.

"गार नसतं, दमट असतं. घाम वाळतच नाही तिथं, मग अंग थंड कसं होणार? वरून प्लॅस्टिक बांधलंत! आतलं मांस जळून त्याचा गाळ मूत्रपिंडात बसलाय." मग त्यांनी कमरेखालची सुयांची भोकं बघितली आणि आणखी चिडल्या. "हे काय? आणि रक्तात मीठ इतकं कमी कसं? अजून काही दिलंत का?"

गिरधर म्हणाला, "लघवीनी गोयी. मी दिधी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. गुरुवारी सकाळी पाकीट कोनाड्यातून कुणी काढून दिलं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"पाण्यात बुडवलात म्हणून जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी कुस्तीचं नाव काढायचं नाही. पुढे काय होईल ते मूत्रपिंडं सांगतील."

मग दिवसाआड मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. लघवी नाही म्हणून नवीन फुगत चालला. रोज सकाळी नर्स त्याला काट्यावर उभा करायची. गिरधर त्याला बगलेत धरायचा आणि वाकून आकडा बघायचा. वजन वाढलं की याचं तोंड उतरायचं. मी एक दिवसाआड गावाहून एसटीनं डबा आणायचे, पोर शेजारणीकडे टाकून. बसमध्ये झळांनी तोंड भाजायचं. इकडे आले की बघायचे काय, तर माझा नवरा खाटेच्या पायथ्याशी बसून भावाचे पाय मांडीवर घेऊन दाबतोय. रात्रंदिवस तिथंच. त्यानं दाढी केलेली नाही, अंगातला सदरा बदललेला नाही. मी विचारायचे, "जेवनात का?" तर म्हणायचा, "लघवी नही व्हयनी अजून." धनू कशी आहे, म्हैस कशी आहे, मी कशी आहे, एक शब्द नाही.

बाळंतपणात मी दोन दिवस अडले होते. तेव्हा हा माणूस दवाखान्याच्या दारात येऊन डबा ठेवून कामावर परत गेला होता. ते मला त्या वॉर्डात उभ्या उभ्या आठवलं, आणि खाटेवर अर्धमेला पडलेल्या त्या पोराचा मला असा हेवा वाटला की हातातली पिशवी फेकून द्यावीशी वाटली.

लघवी आली तो सोमवार होता. मी वॉर्डात शिरले तेव्हा गिरधर नळीची पिशवी उजेडाला धरून उभा होता आणि अख्ख्या वॉर्डला दाखवत होता. "दखा, दखा, पिवयी शे! पिवयी!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हात जोडत होता. गिरधर रडत होता, नाक सदऱ्याला पुसत होता. नवीन उशीवरून हलकंसं हसला.

त्याच दिवशी आबा आले, मगनच्या गाडीतून. सुजलेले पाय घेऊन जिना चढले होते, दम लागलेला. आल्या आल्या त्यांनी नवीनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग गिरधरकडे वळले. वॉर्ड भरलेला होता, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"माले मगननी बठ्ठं सांगं," आबा म्हणाले. "हाई बाईनी त्याले सांगं. कॅन धरीसन बसना व्हतास तू. पानी नही दिधं. तू जयस त्यानावर. पहिलेपासून जयस."

मी टाकीपाशी रडता रडता काय बोलले होते ते मला आठवतही नव्हतं. मी जळत नाही, असं गिरधर म्हणेल असं वाटलं. तो पायथ्याशीच बसला, भावाचा पाय पुन्हा मांडीवर घेतला.

"हा आबा. जयस," तो म्हणाला. "मनी कुस्ती तुम्ही त्याले दिधी. रोज जयस. पडना तव्हय माले बरं वाटनं. येक घडी बरं वाटनं."

आबांनी हात उगारला.  तेव्हा नवीन बोलला, आवाज फाटलेला, थांबत थांबत.

"माले माहीत शे भाऊ. तू जयस ते माले लहानपनपासून माहीत शे. म्हनीसनच तुले सांगं वजन उतारले." त्यानं ओठ ओले केले. "दुसरा कोनी ऱ्हाता तं माले पानी देई देता."

गिरधरनं मान खाली घातली आणि भावाच्या तळपायावर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलायला लागले. नवीननं नळी लावलेला हात कसाबसा पुढे करून त्याच्या केसांत घातला. आबा खाटेच्या कडेवर बसले, एक हात या पोरावर, एक हात त्या पोरावर. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. कुणीतरी डोळे पुसले.

मी पायथ्याच्या भिंतीला टेकून उभी होते, हातात डब्याची पिशवी. 

"गोयी मी दिधी व्हती," मी म्हणाले.

कुणी वर बघितलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "लघवीनी गोयी. त्यांनी नही दिधी, मी दिधी. मीबी जयस आबा. धनूना दूधवरथीन जयस, तुमना खाकरावरथीन जयस, या दोन्हीसवर जयस. भाऊवर भाऊ जयस ते बठ्ठासले दिसनं. मी इतला वरीस जयनू ते कोनले दिसनं?"

आबांनी माझ्याकडे मान वळवली. डोळे पाण्यानं भरलेले, चेहरा निवलेला. मी काय बोलले ते त्यांच्या कानात गेलं होतं की नाही, देव जाणे.

"बरं बरं, बेटा," ते म्हणाले. "जा, खालथीन चहा लई ये. तीन सांग. नवीनले मॅडम घोटभर तरी देतीन."

मी डब्याची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरले. फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. बाहेर उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसत होती, बाकडं तापलेलं होतं, तरी मी त्यावर पदर टाकून बसले.

"किती ताई?" टपरीवाल्यानं विचारलं.

"एकच," मी म्हणाले.

त्यानं ग्लास हातात दिला. मी फुंकर मारत, सावकाश, तळाला साखर लागेपर्यंत तो प्यायले. वर तिघं वाट बघत असतील, तर बघू देत. मग मी ग्लास खाली ठेवला आणि आणखी एक मागितला.